मोजणीतील अटीचे स्थान : झरी जामणीतील कोलाम पोडांच्या निमित्ताने

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात, तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्याला लागून, झरी जामणी हा तालुका आहे. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषांचा वावर असलेल्या या प्रदेशात कोलामांच्या वस्तीस पोड म्हणतात. पोड हे पुष्कळदा स्वतंत्र महसुली गाव नसते. ते एखाद्या गावाच्या हद्दीतील, पण गावापासून वेगळे वसलेले असे घरांचे पुंजके असते. अशा तालुक्याविषयी ‘कोलामी बोलणारी पोडे किती?’ असा प्रश्न विचारला असता तो अत्यंत सरळ वाटतो. वस्तुतः त्या एका वाक्यात निदान तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. ज्या पोडांत कोलामी बोलणारे कोणी तरी आहे अशी पोडे किती, हा एक. प्रत्येक पोडात कोलामी बोलणारे किती, हा दुसरा. कोलामी बोलणारे जेथे आहेत त्या पोडांची एकूण लोकसंख्या किती, हा तिसरा. बोलीत या तिन्हींचा घोटाळा होत नाही, कारण श्रोता प्रसंगावरून अर्थ लावतो. परंतु आज अशी मोजणी यंत्राकडून करवून घेतली जाते आणि यंत्राला प्रसंग ठाऊक नसतो. त्याला केवळ वाक्यरचना ठाऊक असते.

प्रस्तुत विवेचनाचा विषय ती वाक्यरचना हा आहे. सारण्यांत साठविलेल्या माहितीशी व्यवहार करण्यासाठी आज ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, संक्षेपाने ओआरएम, या नावाची साधने सर्वत्र वापरली जातात. ‘पोड’ ही एक सारणी आणि ‘व्यक्ती’ ही दुसरी सारणी असे समजल्यास, प्रत्येक व्यक्तीच्या नोंदीत ती कोणत्या पोडातील हे नमूद असते आणि त्या दुव्यावरून पोडाच्या नोंदीपासून त्यातील व्यक्तींपर्यंत जाता येते. ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या सिद्धान्तात ‘रिलेशन’ म्हणजे सारणीच होय, दोन सारण्यांमधील दुवा नव्हे. ओआरएमच्या व्यवहारात मात्र संबंध हा शब्द दुव्यालाच लागू झाला आहे. हा अर्थपालट लक्षात ठेवण्याजोगा आहे. दुव्यावरून सहज चालता येते असा भास हे साधन निर्माण करते, आणि प्रत्येक पावलागणिक खाली सारण्यांचा जो जोड होत असतो तो दृष्टीआड राहतो. ओआरएम हे आपले वाक्य शेवटी एसक्यूएल या भाषेत भाषांतरित करूनच माहितीकोशाकडे पाठविते. तेव्हा येथे प्रश्न भाषांतराचा आहे आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात बोलण्याचा अधिकार पोहोचतो.

उदाहरणासाठी तीन कल्पित पोडे घेऊ. अ या पोडात चार व्यक्ती असून चौघांची भाषा कोलामी आहे. ब या पोडात पाच व्यक्ती आहेत. पैकी दोघे वृद्ध कोलामी बोलतात, उरलेली तीन मुले मराठी बोलतात. क या पोडात तीन व्यक्ती असून तिघेही मराठी बोलतात. जँगो या प्रचलित साधनात मोजणीचे काम ‘अ‍ॅनोटेट’ आणि निवडीचे काम ‘फिल्टर’ ही दोन क्रियापदे करतात. आधी भाषेच्या अटीने निवड करून मग मोजणी केली, तर उत्तर येते : अ मध्ये चार, ब मध्ये दोन. क चा उल्लेखच नाही. क्रम उलटवून आधी पोडातील भिन्न व्यक्ती मोजल्या आणि मग तीच अट घातली, तर उत्तर येते : अ मध्ये चार, ब मध्ये पाच. क पुन्हा गळाले. शिवाय ब ची संख्या बदलली, कारण आता अटीने पोड निवडले आहे, माणसे निवडलेली नाहीत. तिसरा मार्ग म्हणजे अट मोजणीच्या पोटात घालणे. ‘काउंट’ या संज्ञेला तिचे स्वतःचे विशेषण देणे. तेव्हा उत्तर येते : अ मध्ये चार, ब मध्ये दोन, क मध्ये शून्य.

शब्द तेच, अट तीच, माहिती तीच. आणि तरीही उत्तरे तीन. यांतील कोणतेही उत्तर चुकीचे नाही. प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे, एवढेच. पहिल्या वाक्यात अट एकाच वेळी पोडाचे आणि व्यक्तीचे विशेषण झाली आहे. दुसऱ्यात ती केवळ पोडाचे, तिसऱ्यात केवळ व्यक्तीचे विशेषण आहे. मराठीत हा भेद ‘जो-तो’ या जोडरचनेने उघड दाखविता येतो. ‘ज्या पोडांत कोलामी बोलणारे आहेत त्या पोडांतील माणसे’ आणि ‘पोडांतील जी माणसे कोलामी बोलतात ती’ या दोन वाक्यखंडांची गल्लत कोणी मराठी भाषक करणार नाही. कारण ‘जो’ कोणत्या नामाला चिकटला आहे हे तेथे ऐकू येते. ओआरएमच्या वाक्यात तसा कोणताही प्रत्यय नाही. अर्थभेदाचा सारा भार पदक्रमावर टाकलेला आहे आणि वाक्य तर असे लिहिले जाते की क्रमाला काही महत्त्व असेल अशी शंकाही नवख्या लेखकास येऊ नये. या साधनावर पहिला आक्षेप घ्यावयाचा तो हाच.

जँगोच्या कर्त्यांनाही ही उणीव जाणवली असावी. २०१५ सालच्या १.८ या आवृत्तीत ‘केस’ आणि ‘व्हेन’ या रचना आल्या आणि अट मोजणीच्या आत लिहिणे शक्य झाले. तथापि ती लेखनपद्धती अवजड होती. २०१७ च्या डिसेंबरात आलेल्या २.० या आवृत्तीत मोजणीच्या संज्ञेलाच ‘फिल्टर’ हे पद जोडण्याची सोय झाली. एसक्यूएलच्या २००३ सालच्या मानकात या अर्थाचे उपवाक्य आधीच होते आणि पोस्टग्रेसने ते २०१४ साली, ९.४ या आवृत्तीत स्वीकारले होते. म्हणजे मूळ भाषेत भेद दाखविण्याची शक्ती आल्यावर भाषांतरकाराच्या बोलीत ती उतरण्यास काही वर्षे लागली. लाराव्हेल या दुसऱ्या साधनाने याहून स्पष्ट मार्ग पत्करला आहे. तेथे ‘ज्यांच्यात आहे’ या अर्थाचे क्रियापद वेगळे आणि ‘सोबत किती ते सांग’ या अर्थाचे क्रियापद वेगळे. पहिले पोड गाळते, दुसरे पोड ठेवून त्याच्या पुढे संख्या मांडते. दोन अर्थांना दोन शब्द असणे ही भाषेची श्रीमंती होय आणि या बाबतीत लाराव्हेलची बोली अधिक श्रीमंत आहे असे म्हणावे लागते.

आता क या पोडाकडे वळू. ज्या पोडात कोलामी बोलणारा एकही उरला नाही ते पोड पहिल्या दोन्ही वाक्यांत यादीतून नाहीसे होते. भाषेच्या अभ्यासकाला ज्या ठिकाणाची सर्वांत अधिक गरज आहे तेच ठिकाण हे होय. उरलेल्या दोन पोडांवरून सरासरी काढली तर दर पोडामागे कोलामी बोलणारे तीन येतात. क धरले तर दोन येतात. ‘सर्व पोडांत कोलामी बोलली जाते’ हे विधान पहिल्या यादीवरून खरे ठरते, तिसऱ्या यादीवरून खोटे. भाषा जसजशी मागे सरते तसतशी पहिल्या पद्धतीची यादी आखूड होत जाते, परंतु यादीतील प्रत्येक ओळ मात्र ठणठणीत दिसते. शून्याची ओळ ठेवणे हा केवळ आकडेशास्त्रीय नीटनेटकेपणा नव्हे. ऱ्हास दिसण्याची ती एकमेव सोय आहे. येथे आणखी एक बारकावा आहे. शून्य राखणारा जोड केला, पण मोजताना व्यक्तीऐवजी ओळी मोजल्या, तर क समोर शून्याऐवजी एक येतो. कारण रिकाम्या पोडाचीही एक ओळ उरते आणि यंत्र ती इमानाने मोजते. नसलेला माणूस मोजला जाण्याची ही तऱ्हा नोंदीतून गळालेल्या माणसाइतकीच घातक आहे.

याहून सूक्ष्म प्रश्न दोन अटींचा आहे. युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३ साली भाषांच्या सजीवतेचे जे नऊ निकष मांडले त्यांत पहिला निकष एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे होणाऱ्या संक्रमणाचा आहे. तेव्हा ‘कोलामी बोलणारे मूल ज्या पोडात आहे अशी पोडे किती?’ हा खरा प्रश्न झाला. जँगोमध्ये भाषा आणि वय या दोन अटी एकाच ‘फिल्टर’ मध्ये लिहिल्या, तर त्या एकाच व्यक्तीला लागू होतात. आपल्या उदाहरणातील अ या पोडात मुले असतील तर ते निवडले जाईल, ब निवडले जाणार नाही. त्याच दोन अटी एकापुढे एक दोन ‘फिल्टर’ मध्ये लिहिल्या, तर प्रत्येक अट वेगळ्या व्यक्तीने पुरी केली तरी चालते. ब मध्ये कोलामी बोलणारा वृद्ध आहे आणि मूलही आहे. म्हणून ब निवडले जाते. आजी कोलामी बोलते व नातू मराठी बोलतो, अशा घराची नोंद ‘संक्रमण चालू आहे’ या सदरात होते. मराठीत ‘कोलामी बोलणारे मूल असलेले पोड’ आणि ‘कोलामी बोलणारे असलेले, मूल असलेले पोड’ यांतील अंतर कानाला जाणवते. ओआरएमच्या वाक्यात ते एका कंसाच्या जागेवर अवलंबून असते. साधनाच्या अधिकृत मार्गदर्शिकेत हा भेद नोंदविलेला आहे हे खरे. परंतु जो भेद समजण्यासाठी मार्गदर्शिकाच वाचावी लागते तो त्या भाषेच्या रचनेत पुरेसा उतरलेला नाही.

तिसरा दोष दोन संबंध एकाच वेळी मोजताना उत्पन्न होतो. ब या पोडात तीन हातपंप आहेत असे समजा आणि कोलामी बोलणारे व हातपंप या दोहोंची संख्या एकाच वाक्यात मागा. यंत्र पाच व्यक्तींचा तीन हातपंपांशी जोड करते, पंधरा ओळी तयार होतात, आणि उत्तर येते : कोलामी बोलणारे सहा, हातपंप पंधरा. ‘भिन्न तेवढेच मोज’ असे विशेषण जोडले म्हणजे दोन आणि तीन ही खरी उत्तरे मिळतात. परंतु मोजणीऐवजी बेरीज मागितली, उदाहरणार्थ वयांची किंवा पाण्याच्या मापांची, तर हे विशेषणही कामी येत नाही. कारण दोन व्यक्तींचे वय सारखे असले तर एक वय गळून जाते. अशा वेळी प्रत्येक मोजणीचे स्वतंत्र उपवाक्य करणे हाच मार्ग उरतो. जँगोच्या मार्गदर्शिकेने या धोक्याची स्पष्ट सूचना दिलेली आहे. तथापि सूचना असूनही वाक्य विनातक्रार चालते आणि खोटी संख्या खऱ्या संख्येच्याच वेषात समोर येते.

अटीचे स्थान हा जसा प्रश्न आहे तसाच अटीचा आशय हाही आहे. ‘मातृभाषा कोलामी’ ही अट घेऊ. ज्या व्यक्तीच्या नोंदीत मातृभाषेचा रकाना कोरा आहे ती ‘कोलामी’ या अटीत बसत नाही, आणि एसक्यूएलच्या त्रिमूल्यी तर्कानुसार ‘कोलामी नाही’ या अटीतही बसत नाही. दोन्ही संख्यांची बेरीज एकूण संख्येहून कमी भरते आणि उरलेली माणसे कोणत्याच सदरात नसतात. शिवाय भारतीय जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलली ती. अर्भकाच्या बाबतीत आई सामान्यतः बोलते ती भाषा नोंदविली जाते. म्हणजे लहान मुलाच्या रकान्यातील ‘कोलामी’ हा शब्द मुलाच्या तोंडची भाषा सांगत नाही, आईच्या तोंडची सांगतो. संक्रमणाची मोजणी या रकान्यावरून करणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये. यंत्राची वाक्यरचना कितीही निर्दोष असली तरी नामाचा अर्थ ते तपासू शकत नाही.

या पार्श्वभूमीवर जनगणनेच्या भाषासारण्या वाचल्या असता त्यांतील अटींची स्थाने उघड होतात. २०११ साली लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे १९,५६९ होती. त्यांचे शोधन करून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या आणि १,४७४ नावे अवर्गीकृत राहिली. पुढे देशभर ज्यांचे भाषक १०,००० वा त्याहून अधिक आहेत अशा २७० मातृभाषा निवडून त्या १२१ भाषांखाली मांडल्या गेल्या. दहा हजारांची ही अट मोजणीनंतर लावलेली अट आहे. ‘आधी मोज, मग गाळ’ या आपल्या दुसऱ्या वाक्याचीच ती जात. उंबरठ्याखालची भाषा ‘इतर’ मध्ये जाते आणि तिची ओळ यादीतून नाहीशी होते. कोलामी या उंबरठ्याच्या पुष्कळ वर आहे : १९९१ साली ९८,२८१, २००१ साली १,२१,८५५ आणि २०११ साली १,२८,४५१ भाषक. या चढत्या आकड्यांवरून कोलामी सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु ही बेरीज देशाची आहे. कोणत्या पोडात संख्या शून्यावर आली आणि कोणत्या पोडात ती वाढली हे बेरजेत दिसत नाही. एका पोडातील वाढ दुसऱ्यातील शून्य झाकून टाकते.

याच्या जोडीला दुसरा आकडा ठेवला जातो. २०११ साली महाराष्ट्रात अनुसूचित जमात म्हणून नोंदलेल्या कोलामांची संख्या १,९४,६७१ होती. एकट्या महाराष्ट्रातील जमात साऱ्या देशातील भाषकांहून सुमारे सहासष्ट हजारांनी मोठी, तेव्हा निदान एवढ्यांनी तरी भाषा सोडली, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो सदोष आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचीतील नोंद ‘कोलाम, मन्नेरवारलू’ अशी संयुक्त आहे; दुसरीकडे कोलामीच्या भाषकांत आदिलाबादकडील भाषकही मोजलेले आहेत. दोन बेरजा एकमेकींतून वजा केल्या म्हणजे सशर्त मोजणी होत नाही. जमात आणि भाषा या दोन अटी एकाच व्यक्तीला लावून, पोडागणिक, शून्यासह मोजणी केली तरच भाषांतराची, म्हणजे एक भाषा सोडून दुसरी धरण्याची, खरी व्याप्ती कळेल. दोन अटी दोन ‘फिल्टर’ मध्ये लिहिण्याची जी चूक वर दाखविली तीच येथे दोन सारण्यांच्या आकाराने उभी आहे.

झरी जामणीच्या संदर्भात हे अधिकच महत्त्वाचे आहे. कोलामीच्या ज्या वर्णनांवर अभ्यास उभा आहे ती या तालुक्याबाहेरची आहेत. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात कोलामीची नोंद आली, सेतुमाधवराव पगडी यांचे कोलामीचे व्याकरण १९५० साली हैदराबादेत निघाले, एम. बी. एमेनो यांचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा मुख्य आधार वर्ध्याकडील बोली हा होता. वर्धा आणि आदिलाबाद यांच्या दरम्यान पडणाऱ्या पोडांत कोणती बोली कोणत्या पिढीच्या तोंडी आहे हे जाणण्यासाठी प्रथम कोठे जावे, याचा निर्णय शेवटी एखाद्या यादीवरूनच होणार. ती यादी पहिल्या वाक्याने केली असेल, तर अभ्यासक क या पोडात कधीच जाणार नाही. आणि क मध्ये एखादी वृद्धा नोंदीच्या दिवशी ‘मराठी’ असे सांगून मोकळी झाली असेल, तर तिची कोलामी कोणी ऐकणारही नाही.

यावर असे म्हटले जाईल की हा सारा दोष साधन वापरणाऱ्याचा आहे, साधनाचा नाही. नीट लिहिले तर ओआरएम नीट मोजते. यात तथ्य आहे. तीनही वाक्ये त्या भाषेत व्यक्त करता येतात, तेव्हा तिची अभिव्यक्तिक्षमता अपुरी म्हणता येत नाही. परंतु भाषेचे मूल्यमापन केवळ ती काय म्हणू शकते यावरून होत नाही. ती सहज काय म्हणावयास लावते यावरूनही होते. सर्वांत आखूड आणि सर्वांत सुचणारे वाक्य जर शून्य गाळणारे असेल, तर त्या भाषेत लिहिलेल्या बहुसंख्य याद्यांतून शून्य गळणार हे उघड आहे. उलट बाजूने एसक्यूएल थेट लिहिण्याचा आग्रहही पटण्याजोगा नाही. तेथे जोड उघड दिसतो हे खरे, परंतु ओळी मोजाव्यात की व्यक्ती, हा घोटाळा मुळात तेथलाच आहे.

म्हणून मार्ग साधन बदलण्याचा नाही. मोजणीपूर्वी प्रश्न मराठीत पूर्ण लिहावा आणि त्यात चार गोष्टी वेगळ्या सांगाव्यात : यादी कशाची, मोजावयाचे काय, अट कोणत्या नामाची, आणि शून्य असेल तेव्हा काय. ‘तालुक्यातील प्रत्येक पोडासमोर, त्या पोडातील ज्या मुलांची भाषा कोलामी आहे त्यांची संख्या मांडावी, एकही नसेल तेथे शून्य लिहावे, भाषा नोंदलेली नसेल ती मुले वेगळी दाखवावीत.’ हे वाक्य लांब आहे, पण त्याचे भाषांतर एकाच रीतीने होऊ शकते. संशोधनपर प्रबंधात सारणी देताना तिच्यासोबत असे वाक्य छापण्याचा प्रघात पडला, तर वाचकास सारणी तपासता येईल. आज त्याला ती केवळ मानावी लागते.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ हा जाहीर झाला असून माहितीची नोंद अंकीय पद्धतीने करण्याचे ठरले आहे. २०२३ च्या १५ नोव्हेंबरला आरंभ झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानात देशातील ७५ विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या, आणि त्यांत कोलामांच्या, वस्त्यांना योजनांचे लक्ष्य मानले आहे. गावाखालच्या वस्तीची स्वतंत्र ओळ असलेल्या सारण्या यापुढे वाढत जाणार. त्यांतून पाणी, घर, रस्ता यांचे वाटप ठरेल आणि कोणत्या पोडात कोणत्या भाषेत शिकवावे हेही ठरू शकेल. ज्या पोडासमोर शून्य आहे ते पोड यादीत दिसते की नाही, यावर तेथे कोणी जाईल की नाही हे अवलंबून आहे. ‘किती’ या शब्दापूर्वी ‘ज्या’ कोणत्या नामाला लावला आहे, हे पाहण्याचे काम संगणकशास्त्राच्या विभागाइतकेच भाषाशास्त्राच्या विभागाचेही आहे.